पाठ फिरवा, आबा

“घाबरायचं काय त्यात?” असं म्हणायची आणि डावा खांदा उडवायची. बैल अंगावरची माशी कातडं थरथरवून उडवतो ना, तसा. पाल असो, परीक्षा असो, नाहीतर कंपनीतला परदेशी साहेब असो, खांदा उडाला की तिच्यापुरता विषय संपला. तुमच्याही गल्लीत एखादी अशी पोर असेल. तिच्याकडं नीट बघून घ्या. अशा पोरी फार दिवस गल्लीत टिकत नाहीत.

मी मूळचा राहूचा. कुरकुंभच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत बॉयलरवर हयात गेली. शाळा चौथीपर्यंत. पोटी मूलबाळ नाही. भिंतीला भिंत लावून त्या पोरीचं घर. तिचा बाप माझ्याच शिफ्टला, भेटला की “जयभीम आबा” म्हणणारा. त्यांच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध. माझी बायको कवठे येमाईची, जुन्या वळणाची. सुरुवातीला त्यांच्या घरचं पाणी घ्यायची नाही. मग एक दिवस ही पोरगी रांगत रांगत आमचा उंबरा ओलांडून आली ती थेट पिठाच्या परातीत बसली. बायकोनं तिला उचललं, पीठ झटकलं आणि म्हणाली, “आता हिला काय सांगायचं, तिला जात कुठं वाचता येती!” तिथून पुढं पोरगी आमच्याकडंच वाढली म्हणा.

मी जेवून बाहेर बाजेवर पडलो की आत दोघी जेवायला बसायच्या. मला भांड्यांचा आवाज यायचा, हसण्याचा यायचा. कशाला हसतात ते कधी कळलं नाही.

कोरियाचं खूळ मोबाइलवरच्या सिरियलींमुळं शिरलं. बायको पण बघायची. तिला भाषा कळत नव्हती, पण मन लावून बघायची.

“ही लोकं सारखी जेवतात गं. मग रडतात कवा?”

“जेवता जेवता रडत्यात, आजी.”

“मग बरंय.”

कॉलेज झालं, पोरीनं पुण्यात कोरियन भाषेचा क्लास केला आणि शिरूरकडच्या एका कारखान्यात लागली. तिथले साहेब कोरियन. साहेब काय म्हणतो ते फिटरला सांगायचं, फिटर काय म्हणतो ते साहेबाला. फिटर काय म्हणतो ते सगळंच सांगत नसेल, शहाणी होती. एकदा येऊन म्हणाली, “आजी, ती लोकं भेटली की रामराम न्हाई घालत. जेवलास का, असं इचारतात.” बायको म्हणाली, “मग आपल्यातलीच की.”

बायको गेली तेव्हा पोरगी माझ्यापेक्षा जास्त रडली. मी नंतर रडलो, आणि अजून ते संपलेलं नाही.

दहाव्याला भीमेच्या काठावर पिंड ठेवला. कावळा आला, बाभळीवर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. खाली उतरेना. ऊन चढलं. लोकं कुजबुजायला लागली, जीव अडकलाय. मी हात जोडून म्हणालो, “पोरीला अंतर देणार न्हाई.” तरी नाही. कुणीतरी पोरीलाच पुढं ढकललं. ती कधी कावळ्याबिवळ्याला मानणारी नव्हे. “आमच्यात कावळा नसतो आबा,” असं मला तोंडावर म्हणालेली. पण आली, आणि मोठ्यानं म्हणाली, “आजी, मी येळेवर जेवते. तू जेव.” कावळा उडून नदीपलीकडं गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. वर्षश्राद्धालाही तेच.

तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळा आहे. असेन. पण ज्या बाईनं मला उभ्या जन्मात एक वेळ उपाशी ठेवलं नाही, ती भुकेली हिंडत असेल, हे डोक्यात घेऊन तुम्ही एक घास गिळून दाखवा. त्यात भावकीतला एक जण बोलून गेला, “ज्याच्यात जीव अडकतो, त्याला तो ओढून नेतो.” तो बोलून चहा पिऊन गेला. मी मात्र तिथंच बसून राहिलो.

आणि मग पोरीला कोरियात कॉलेज मिळालं.

“नको जाऊ,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

“घाबरायचं काय त्यात?” खांदा उडाला. जाताना म्हणाली, “आजीची हिरवी शाल द्या. तिकडं लई थंडी असती.” मेलेल्या माणसाचं कापड अंगावर घेऊन पोर समुद्रापार जाणार. द्यावी तर भीती, न द्यावी तर बायकोलाच नाही म्हटल्यासारखं. दिली.

दर रविवारी तिचा फोन यायचा, तोंड दिसणारा. तिला तिथं मिंजी नावाची मैत्रीण मिळाली होती, आणि मिंजीची आणखी एक मैत्रीण. तिघी मिळून हिंडायच्या. ती जे जे हौसेनं सांगायची, त्या त्या गोष्टीची मला धास्ती वाटायची. खोलीमागं डोंगर आहे म्हणाली, मला दरड दिसली. गरम पाण्याच्या हौदात सगळ्या बायका एकत्र अंघोळ करतात म्हणाली, मला ती बुडालेली दिसली. जेवायच्या काड्या लोखंडाच्या, त्या हातातून निसटतात म्हणाली, मला पोर उपाशी दिसली.

“मिंजी तिच्या काड्यांनी माझ्या भातावर भाजी ठेवती आबा.”

“उष्ट्या काड्यांनी?”

“हितं माया करायची तशी रीत हाय.”

“आणि तू खातीस?”

“आजीच्या ताटातलं खात न्हवते व्हय?”



एका रविवारी तिघी जेवायला बसल्या होत्या. फोन पेल्याला टेकवून ठेवलेला. मी विचारलं, “जेवलीस का?” हिनं काड्या भातात उभ्या खोचल्या आणि दोन्ही हात हलवून दाखवले, हे काय, जेवतेय! मिंजी हसत होती, ती हसायची थांबली. तिनं हळूच हात पुढं करून त्या काड्या उपसल्या आणि आडव्या ठेवल्या. काहीतरी बोलली. पोरीचं तोंड उतरलं.

“काय झालं गं?”

“काय न्हाई.”

“सांग मला.”

“भातात असं उभं खोचायचं नसतं, आबा. मेलेल्या माणसाला वाढतात तवा तसं करत्यात.” मग घाईघाईनं म्हणाली, “घाबरायचं काय त्यात?”

खांद्यावर हिरवी शाल होती. खांदा हलला नाही.

जन्मभर बॉयलरपुढं उभा राहिलेला माणूस मी. भर दुपारी मला हुडहुडी भरली.

पुढचा रविवार गेला, फोन आला नाही. मी लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. तिची आई म्हणाली, “मला मेसेज येतोय आबा, बरी हाय म्हणती. अभ्यासात असंल.” मेसेज काय, कुणीही लिहील! मला तोंड बघायचं होतं. तेवढ्यात कुंपणावर कावळा येऊन बसला, तसा मी काठी घेऊन धावलो, “चल, हो हितनं, तिला न्यायचं न्हाई!” उडाला. मग माझंच मला कळलं, मी कुणाला हाकललं असेल ते. काठी टाकली आणि मटकन खाली बसलो. तिची आई दारातून बघत होती. पाणी घेऊन आली.

पितरं सुरू झाली. अहेव नवमी जवळ आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना त्या दिवशी पान वाढतात. मला तो दिवस नको झाला होता. पुन्हा वाढायचं, पुन्हा तो कावळा बघत राहायचा.

नवमीच्या आदल्या दुपारी फोन वाजला. तीच होती.

“कुठं मेली व्हतीस?” मी ओरडलो, आणि त्या ‘मेली’ शब्दालाच भ्यालो.

“आबा, मी घाबरले व्हते.”

तिच्या तोंडून हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

काड्यांच्या त्या प्रकारानंतर तिला कुणासमोर जेवायचीच भीती बसली होती. काय चुकेल, कशाचा काय अर्थ निघेल. दार लावून, दाराकडं पाठ करून एकटीच खायची. तोंड दाखवलं तर मला कळेल म्हणून मला फोन नाही. शेवटी मिंजी दाराबाहेर उभी राहून विचारायला लागली, “जेवलीस का?” रोज. एक दिवस हिनं दार उघडलं. मिंजी तिला आपल्या गावी आजीकडं घेऊन गेली. मिंजीच्या आजोबांच्या श्राद्धाचा दिवस होता. फोन तिथूनच होता.

“बघा आबा.” तिनं फोन फिरवला. बुटक्या मेजावर फळं, मासा, भाज्या, भात. एका म्हातारीनं भातात चमचा उभा खोचला. स्वतःच्या हातानं, अगदी निवांत. मग घरातली सगळी माणसं उठून बाहेर आली आणि दार ओढून, पाठ फिरवून उभी राहिली.

“हे काय?”

“मी पण तेच इचारलं. मिंजी म्हणाली, कुणी टक लावून बघत बसलं तर तुझ्या घशाखाली घास उतरंल का? त्यांना निवांत जेवू द्यायचं.” मग म्हणाली, “आबा, आजी तुमच्यासमोर कवा जेवली?”

मी आठवायला लागलो. लग्नातला घास सोडला तर काही आठवेना.

“कुणाच्याच समोर जेवली न्हाई ती. माझ्यासमोर बसायची, ते पण भिंतीकडं तोंड करून. आन् दहाव्याला किती माणसं व्हती? समदी तिच्या भाताकडं डोळे लावून.”

दुसऱ्या दिवशी पोरीच्या आईनं स्वयंपाक केला. गवार, भोपळा, वडे, खीर. “आमच्यात हे न्हाई आबा. पण ताईसाठी करते,” म्हणाली. माझ्या बायकोला ती ताई म्हणायची. पान वाढून मी मागच्या भिंतीवर ठेवलं. कावळा शेवग्यावर होता. मान वाकडी. हातात फोन, फोनमध्ये पोरगी.

“पाठ फिरवा, आबा.”

“आणि न्हाईच आला तर?”

“तर आपल्याला कळणार न्हाई. फिरवा.”

मी फिरलो.

“तू बघतीस का माझ्या मागं?”

“न्हाई. मी पण फिरते.”

फोनमध्ये तिची पाठ आली. हिरवी शाल, तिच्यावर वेणी. पलीकडं खिडकी, आणि खिडकीत कुठला तरी डोंगर.

माझ्या मागं काहीतरी खसफसलं. वारा असेल, मांजर असेल. मान वळायला बघत होती. मी ती वळू दिली नाही. भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्या बाईला एवढं तरी द्यावं म्हटलं. भीती गेली असं नाही. पण मी त्या छोट्या काचेतल्या पाठीकडं बघत राहिलो. तीही हलली नाही. फक्त शालीखाली डावा खांदा जरासा उडाला.