कुलाबा किल्ल्यातली बारावी हाळी

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भूत, चकवा असलं काही काढलं की त्याला फळ्यापाशी उभं करून इतके प्रश्न विचारते की बिचारा परत नाव काढत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला चांगलंच अवघडल्यासारखं होतंय. माझे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी खुशाल हसून घ्यावं! पण दहा बायका, एक घोडागाडीवाला आणि मी... इतक्या जणांना एकाच वेळी एकच भास कसा होतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. माझी आई, आम्ही तिला मायच म्हणतो, चोवीस हंगाम ऊसतोडीला गेली. तिच्या टोळीत बारा बायका होत्या आणि त्यांची एक पद्धत होती. उसाचा फड माणसापेक्षा उंच, दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. म्हणून दिवस मावळताना फडातून निघायच्या आधी प्रत्येकीने आपला आकडा ओरडून सांगायचा. याला त्या हाळी म्हणायच्या. पहिली हाळी मायची. शेवटची सखूमावशीची. सखूमावशी सगळ्यांच्या मागे राहून फडात नजर टाकायची आणि मग खणखणीत आवाजात म्हणायची, "बारा... फड मोकळाऽऽ!" ते ऐकल्याशिवाय एकही बाई पाऊल उचलत नसे. चोवीस हंगामांत टोळीतली एकही बाई मागे राहिली नाही, हे माय आजही छाती पुढे काढून सांगते.

सखूमावशी गेल्या वर्षी वारली. आजारी होती, घरीच गेली. तिचा आकडा मात्र कुणी घेतला नाही.

यंदा मी मायला विचारलं, तुला काय पाहिजे? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "ट्रकात बसले, ट्रॅक्टरात बसले. पन गाडी थांबली की म्होरं ऊसच. एकदा अशा गाडीत बसायचंय, जी थांबल्यावर काईच तोडायचं न्हाई. आन एकटी न्हाई, समद्याजणी."

मग काय! चैत्रात शाळेला सलग सुट्या आल्या, तेव्हा ट्रॅव्हल्सची छोटी बस ठरवली. टोळीतल्या अकराजणी आणि मी. कोकणातल्या बागा आणि अलिबाग.

पहिला दिवस नागावच्या बागांत गेला. नारळ, सुपारी, सुपारीवर चढलेले मिरीचे वेल, खाली पाटातून झुळझुळ वाहणारं पाणी. आमच्याकडे त्या दिवसांत टँकरची वाट बघणं चालू होतं. बायका झाडांना हात लावून बघत होत्या. "एक बी झाड तोडायचं न्हाई म्हन की," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खदखदून हसल्या. गयामावशीने तिथल्या विहिरीच्या पाण्याने बाटली भरून घेतली. ती तिची जुनी खोड. चांगलं पाणी दिसलं आणि गया रिकामी पुढे गेली असं होत नाही. टोळीत तिचा आकडा सात.

खरं सांगू? त्या दिवशी मला थोडी लाज वाटत होती. बाग बघून निघताना माय नेहमीच्या सवयीने ओरडली, "एक!" आणि लगेच मागून दोन, तीन, चार... बाकीचे पर्यटक वळून बघायला लागले, एकाने तर मोबाईल काढला. बसमध्ये मी मायच्या कानाशी लागले. "माय, इथं हाळी नको. लोक बघतात. माझ्याकडे यादी आहे, मी मोजते." माय खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अलिबाग. मराठ्यांच्या आरमाराचं जुनं शहर, आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे पायी जाता येतं; लागलीच तर म्हणून एक घोडागाडीही सोबत ठरवली. मी बायकांना भरती-ओहोटी समजावली, वाळूत काडीने चंद्र, पृथ्वी सगळं काढून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पटलं कुणालाच नव्हतं, हे मला नंतर कळलं. आमच्या सिंदफणा नदीचं पाणी एकदा गेलं की पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवत नाही. गेलेलं पाणी चार-सहा तासांत परत येतं, हे त्यांच्या जन्मात कधी झालं नव्हतं. त्यामुळे किल्ल्यात कुणालाच घाई नव्हती. गणपतीपुढे निवांत बसून झालं, तटावर फिरून झालं. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं बघून तर त्या येड्याच झाल्या. "चहूकडं खारं आन मदी गोडं! कावून असं?" असं का, म्हणून मलाच विचारत राहिल्या.

घोडागाडीवाला दोनदा सांगून गेला, ताई, पाणी चढतंय, निघा. बाकीचे लोक गेले होते. शेवटचे आम्हीच. मी दाराशी उभी राहून भराभर डोकी मोजली. अकरा. झालं! मायने एकदा माझ्याकडे बघितलं. हाळी द्यायला तिचं तोंड उघडलं होतं, पण मी डोळ्यांनीच नको म्हटलं. आम्ही निघालो. घोडागाडी रिकामीच आमच्या सोबतीने चालली होती. बायकांना पाण्यातून चालायची हौस होती.

घोट्याएवढ्या पाण्यात पोचलो असू... आणि मागून, किल्ल्याच्या आतून आवाज आला.

"थांबा गंऽऽ! फड मोकळा न्हाईऽऽ!"

स्पष्ट. खणखणीत. मी पुढच्या बाईवर आदळले, कारण सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या होत्या. कुणी किंचाळलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. फडात थांबायच्या तशा त्या थांबल्या. माझ्या मात्र अंगावर सर्रकन काटा आला, कारण तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

घोडागाडीवाल्याने लगाम ओढला. "तुमची आणखी एक बाई आहे का वर?"

माय भर समुद्रात ओरडली, "एक!"

दोन. तीन. चार. पाच. सहा.

मग नुसत्या लाटांचा आवाज.

अकरा डोकी मोजताना मी घाईत स्वतःलाही धरलं होतं. विज्ञानाची बाई मी, हातात यादी घेऊन!

आम्ही पळत मागे गेलो. गयामावशी तळ्याच्या खालच्या पायरीवर पडलेली सापडली. बाटली भरायला उतरली होती, शेवाळावरून पाय घसरला. पाय मोडलेला, पाठ आपटल्याने तोंडातून शब्द फुटत नव्हता. वर गोळा झालेल्या आम्हाला बघून नुसतं डोळ्यांतून पाणी. आणखी तासाभराने किल्ल्याभोवती पुरतं पाणी झालं असतं. रात्रभर ती तिथेच, त्या निसरड्या पायरीवर...

मी मदतीला फोन लावायला गेले तर माय म्हणाली, "फोन ऱ्हाऊ दे. मोळी समजा अन् उचला गं." घोडागाडीवाला "मावशी, थांबा, मी माणसं आणतो," म्हणेपर्यंत चौघींनी पदर कमरेला खोचले. लुगड्याची झोळी केली, गयामावशीला तिच्यात घेतलं आणि त्या ओल्या पायऱ्या एक-एक पाय रोवत चढून आल्या. साठीच्या बायका! डोक्यावर उसाची मोळी घेऊन हलत्या फळीवरून ट्रकात चढलेले पाय होते ते, शेवाळाला काय भिणार? तो माणूस बघतच राहिला. मला त्या क्षणी एवढा अभिमान वाटला की रडूच आलं. या बायकांची मला काल लाज वाटली होती.

गयामावशी गाडीत, आम्ही चाकांना धरून. पाणी गुडघ्यावर आलं होतं. किनाऱ्यावर पोचून वळून बघितलं तर आम्ही चाललो ती वाट पाण्याखाली गेली होती.

गयामावशीला नंतर मी खोदून खोदून विचारलं. तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिने कुणाचा आवाज ऐकला नाही. ती स्वतः ओरडलीही नाही, ओरडूच शकत नव्हती. घोडागाडीवाल्याने आत माघारी फिरून बघितलं होतं, किल्ल्यात दुसरं कुणी नव्हतं. आणि असतं तरी अलिबागच्या माणसाला फड मोकळा नाही हे शब्द कुठून सुचणार? प्रतिध्वनी म्हणावा तर आधी कुणी ओरडायला पाहिजे. मनाचे खेळ म्हणावेत तर घोडागाडीवाल्याच्या मनात आमची सखूमावशी कुठून येणार? मी सगळं करून बघितलं.

पण किनाऱ्यावरची एक गोष्ट सांगायची राहिली. माय वाळूत उभी राहून किल्ल्याभोवतीच्या पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "गेलेलं पानी म्हागं येतंय की गं. तू सांगत व्हतीस, मला खोटं वाटलं." किल्ल्याकडे बोट करून म्हणाली, "मग माणूस बी येत आसंल घडीभर. कामापुरतं."

आणि ती ओरडली, "एक!"

आजूबाजूला भेळ खाणारे, फोटो काढणारे, शे-दोनशे लोक असतील. सगळे बघत होते. दोन, तीन... गाडीत आडव्या पडलेल्या गयामावशीने क्षीण आवाजात "सात" म्हटलं. अकरापर्यंत हाळी आली आणि थांबली. मायने माझ्याकडे बघितलं.

"म्हन," ती म्हणाली. "सखूनं एकदा निभावलं. दर टायमाला तिला कावून तरास?"

मी मागे वळले. किनारा नीट नजरेने तपासला, एकेक चेहरा मोजला, या वेळी स्वतःला सोडून. आणि मग पोटापासून आवाज काढून, सगळ्या लोकांदेखत ओरडले —

"बारा... फड मोकळाऽऽ!"