कुलूप पक्कं झालं

हसायचं असन तं पहिलेच हसून घ्या, मंग मधात हसू नका. माह्या नोकरीतला सगळ्यात मोठा बावळटपणा सांगून राहिलो. आता रिटायर होऊन नागपूरले मनीषनगरात बसलो आहे, कोणी काही करू शकत नाही, म्हणून सांगतो.

तेव्हा आम्ही शिपाई खाकी हाफपँट घालत होतो, यावरून काळ समजून घ्या. उमरेडकडच्या एका लहानशा ठाण्यात मी अन् जमादार, दोघंच हजर असायचो. लॉकअप म्हणजे एक खोली, तिले गजाचं दार, अन् दाराले एक बिघडलेलं कुलूप. चाबीची गरजच नाही, नुसता झटका देला का उघडे. नवीन कुलूप मागाले नागपूरले तीनदा लिहिलं. उत्तर नाही. मंग आत कैदी असला का आम्ही दार दोरीनं बांधत होतो, गोठ्याचं फाटक बांधतेत तसं.

एक दिवस निरोप आला, अकरा वाजता नागपूरचे साहेब तपासणीले येऊन राहिले. आत कैदी एकच, सुदाम. घरफोडीत धरलेला. कुलूप उघडण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

जमादार मले म्हणाले, "वामन, साहेब यायच्या आत त्या कुलपाचं काही तरी कर गा. दोरी दिसली तं दोघंही घरी जाऊ." अन् ते साहेबांच्या नाश्त्याचं पाहाले रेस्टहाऊसवर गेले.

माहं तं लग्न ठरलं होतं हो! सासऱ्यानं सरकारी नोकरी पाहून पोरगी देली होती. नोकरी गेली का पोरगी गेली.

लोहाराकडे गेलो, तो बाजाराले गेलेला. परत आलो, अन् डोक्यात उजेड पडला. कुलपातला एवढा जाणकार आपल्या ठाण्यातच बसला आहे, आपण गाव काहून फिरून राहिलो?

मी काय केलं असन? मुद्देमालात त्याच्याच कानशी, हातोडी, तारा होत्या. गाठोड्याचं सील मीच तोडलं. दोरी मीच सोडली. त्याले पायरीवर बसवलं, वरतून चहा पाजला. माहा ड्रेस इस्त्रीले परटाकडे होता, म्हणून मी बनियन-पायजाम्यावर बाजूले उभा.

पण काम काय मन लावून केलं त्यानं! कुलूप खोललं, घासलं, तेल देलं, तासाभरानं चाबी कशी लोण्यासारखी फिरली. मंग मले म्हणते, "हवालदार साहेब, एकदा आतून जोर लावून पाहा बरं. पळणारा आतूनच लावन ना."

शिपायाले कोणी हवालदार म्हटलं का त्याची अक्कल तिथंच थांबते. मी गेलो आत. त्यानं बाहेरून कुलूप घातलं. मी गज धरून दार हलवलं, खांदा मारला, लाथ मारली. कुलूप जागचं हललं नाही! मले इतका आनंद झाला, का म्हणलं, "वा रे सुदाम, मानलं तुले!"

हे मी तीनदा म्हणलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं का आपण एकटेच बोलून राहिलो. सुदाम नाही अन् चाबीही नाही.

कैदी पळाला, तोही मुद्देमाल घेऊन. तेवढ्यात जमादार आले. त्यांनी मले पाहिलं, कुलूप पाहिलं, रिकामी पायरी पाहिली. अन् बाहेर जीपचा आवाज.

"खाली मान घालून बस," जमादार हळूच म्हणाले. "अन् आता तू सुदाम आहे."

साहेब आत आले. रजिस्टर पाहिलं, कैदी एक. आत पाहिलं, कैदी एक. स्वतः कुलूप ओढून पाहिलं, खूश झाले. म्हणाले, इतकं मजबूत कुलूप जिल्ह्यात दुसरं नसेल. मंग जमादाराले विचारलं, याचा गुन्हा काय?

"घरफोडी, साहेब. कसंही कुलूप उघडते."

साहेबांनी मले खालून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा?" ते म्हणाले. "अहो जमादार, याच्या चेहऱ्यावर स्वतःच्या घराचं कुलूप उघडायची अक्कल दिसत नाही. तुम्ही चुकीचा माणूस धरला. पुन्हा तपास करा."

जीप गेली. जमादार सायकल काढून सरळ एसटी स्टँडवर पळाले. उमरेडची गाडी नेहमीसारखी लेट होती, म्हणून माही नोकरी वाचली. सुदाम बाकावर फुटाणे खात बसला होता, मांडीवर गाठोडं, खिशात आमची चाबी.

जमादारानं त्याले धरून आणलं, अन् आल्याबरोबर त्यानंच कुलूप उघडलं. मी बाहेर, तो आत. जमादाराले आता हसू आवरेना. साहेब काय म्हणाले ते त्यांनी त्याले सगळं सांगून टाकलं.

सुदामनं गजातून माह्या तोंडाकडे पाहिलं अन् मान हलवली.

"साहेब माणूस बराबर वळखते," तो म्हणाला.