मालकीण अंड्यांवर आहे

काल रंगनाथकाकांना त्यांच्या बापाशेजारची जागा मिळाली नाही.

त्यांनीच नको म्हटलं होतं. का, ते सांगते.

कन्नडजवळ काकांचं शेत. विहिरीजवळच्या लिंबाखाली त्यांच्या वडिलांना अग्नी दिला होता, तिथं ओटा आहे. त्याच लिंबावर पिंगट गरुडाचं घरटं.

आठ वर्षांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा फोटो काढायला गेले, ती फुल तयारीत. पानापानांचं जॅकेट, तसलीच टोपी, हातभर लेन्स.

बांध ओलांडला आणि मादी भुर्र!

काका पोट धरून हसले. "म्याडम, झुडूप कधी चालतं व्हय? घाबरंल नाय तर काय ती!"

मग काकूंनी माझ्या जीन्सवरच लुगडं गुंडाळलं. वरून काकांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. कॅमेरा कापूस वेचायच्या झोळीत.

काका म्हणाले, "आता वेचत वेचत जा पोरी. वर बघू नको. मालकिणीला कापूस वेचणाऱ्या बाया रोजच्या हायेत."

मालकीण म्हणजे ती मादी. काका तिला दुसरं काही म्हणायचेच नाहीत.

तीन तास वेचलं. अर्धा कापूस, अर्धा काडीकचरा. काकू अजून चिडवतात.

पण मालकीण हलली नाही. माझा कव्हर फोटो तोच आहे.

त्यानंतर दर हिवाळ्यात काकांचा फोन यायचा. "मालकीण बसली. या." एवढंच. फोन कट.

यंदाही आला. दवाखान्यातून.

मी म्हटलं, "काका, तुम्ही आधी बरे व्हा. रविवारी येते."

तो रविवार काल होता.

मी पोचले तेव्हा भावकीनं लिंबाखाली लाकडं रचायला घेतली होती. काकांचा मुलगा संतोष आडवा आला. "इथं नाय. आबा सांगून गेलेत. मालकीण अंड्यावर हाय, तिला धूर लागंल."

एक म्हातारबा जाम भडकले. "पाखरापायी बापाची जागा सोडतं व्हय कुणी?"

संतोषचा चेहरा पडला.

तेवढ्यात काकू उठल्या. "त्यांचं शेत हाय. त्यांनी सांगितलंय. उचला लाकडं."

मग उचलली. पार खालच्या बांधापर्यंत नेली. सगळ्यात मोठा ओंडका त्या भडकलेल्या म्हातारबांच्याच खांद्यावर होता.

कॅमेरा गाडीतच राहू दिला.

अग्नी दिल्यावर मी मागं वळून लिंबाकडं बघितलं. वर बघू नको म्हणाले होते काका, तरी बघितलं. खूप रडले.

आठ वर्षं तुम्ही मला कळवलंत. यंदा मी कळवते.

काका, मालकीण बसलेलीच आहे. उठली नाही.

निवांत जा.