शुक्रवारी झोपायची जागा

तो शुक्रवार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. आठवडाभर कानात बसलेली खटखट त्या दिवशी थांबायची आणि आमच्या पोलीस ठाण्यातल्या पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू यायची. मी अधिकारी नव्हते. नवरा पोलीस शिपाई होता. तो नोकरीत असतानाच वारला आणि चौथी पास म्हणून मला त्याच ठाण्यात झाडलोट आणि चहापाण्याचं काम मिळालं. फारसं बोलायची मला सवय नव्हती, पण महिला कॉन्स्टेबल कमी पडल्या की बायका-मुलांजवळ मलाच बसवत. त्यामुळे पुष्कळ गोष्टी जवळून पाहिल्या. नावं कुणाचीच लिहीत नाही.

टेमघरच्या बाजूला लूमच्या कारखान्यांत चोऱ्या होत होत्या. मोटारीची तांब्याची वायर जायची, लहानसहान लोखंडी पार्ट जायचे. चोरी नेहमी शुक्रवारी, तीही दिवसाढवळ्या. आमच्या हवालदारांचं म्हणणं साधं होतं. शुक्रवारी कारखान्यात कुणी नसतं, म्हणून चोर शुक्रवारी येतो. सगळ्यांनाच ते पटलं होतं.

खबर दिली एका भंगारवाल्याने. कारखानदार आपल्या जुन्या मोटारी त्यालाच विकत, त्यामुळे त्याची त्यांच्याकडे ऊठबस होती. एक पोरगा मागच्या खिडकीतून आत शिरतो, असं त्याने सांगितलं. कारखानदारांची आणि गावातली माणसं दबा धरून बसली आणि दुपारी पोराला पकडून ठाण्यात घेऊन आली. तेरा-चौदा वर्षांचा असेल. ओठ फुटलेला, एका पायात चप्पल.

आमच्या उपनिरीक्षक मॅडम ठाण्याच्या बालकल्याण अधिकारी होत्या. त्यांनी आधी आत जाऊन वर्दी बदलली आणि साधा पंजाबी ड्रेस घालून आल्या. कायद्याने अठराच्या आतल्या मुलासमोर वर्दीत जायचं नाही, त्याला कोठडीत घालायचं नाही, बेडी घालायची नाही, चोर म्हणायचं नाही. कागदावर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहायचं. हवालदार म्हणाले, “मॅडम, हा शब्द बोलून होईस्तोवर पोरगं कशेळीच्या पुलापर्यंत पळेल.”

पोरामागून ठाण्यात आलेल्या गर्दीत, कारखान्यांना जागा देणारे गावातले एक जमीनवाले होते. ते पुढे झाले. “मॅडम, तुमी जरा बाजूला व्हा. दोन लावल्या का सगला सांगल तो.”

“लावलेल्या दिसतायत की. कुणी लावल्या तेही लिहून घेऊ?”

“आमी न्हाय. खिडकीतून परला तो.”

पोरगा सापडला त्या कारखान्याचे मालक जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, बोलायला सभ्य. ते म्हणाले, “मॅडम, लहान आहे म्हणून सोडू नका. ही कामगार लोकं मुलुखातून पोरं आणतात आणि मोकाट सोडतात. दिवसभर नाक्यावर बसलेली असतात. नशा करतात. याच्यामागे टोळी असणार, लिहून ठेवा.”

मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं. आत आम्ही चौघंच राहिलो. मॅडम, हवालदार, मी आणि तो.

“मैंने किया,” तो आपणहून म्हणाला. “सब मैंने किया. लिख लो.”

“माल कुठाय?” मॅडमनी विचारलं.

“फेंक दिया.”

हवालदार हसले. “दर शुक्रवारी चोरायचं आणि फेकून द्यायचं? शौक है क्या, राजा?”

मॅडमनी गोड बोलून पाहिलं, जरा आवाज चढवून पाहिला. आपल्या चोऱ्या तो धडाधड कबूल करत होता, पण माल कुणाला दिला हे विचारलं की तोंड मिटत होता. मॅडम मला हळूच म्हणाल्या, “हा असाच बाल न्याय मंडळासमोर गेला तर हाच टोळीचा म्होरक्या ठरेल. मागचा माणूस राहील बाजूला.” मी चहा आणायला गेले. परत येते तो पोरगा बाकावर बसल्याबसल्या झोपलेला, मान छातीवर पडलेली.

“बघा,” हवालदार म्हणाले, “किती निवांत. मुरलेला आहे.”

मॅडमनी त्याला उठवलं नाही. त्याच्याजवळ एका कॉन्स्टेबलला बसवलं, हवालदारांना आणि मला बरोबर घेतलं आणि लूमवर काम करणाऱ्या त्याच्या बापाची खोली शोधून काढली. दार उघडलं आणि आम्ही उंबऱ्यातच थांबलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसाला माणूस लागून झोपलेला. एरवी दिवसपाळीचे कामावर गेले की त्यांच्या जागेवर रातपाळीचे झोपत. जागा एक, माणसं दोन. शुक्रवारी दोन्ही पाळ्या खोलीवरच.

बाप डोळे चोळत बाहेर आला. मॅडमनी विचारलं, “लडका कहाँ सोता है?”

“मेरे साथ, लूम पे. रात को कपडे के तागों के ऊपर सो जाता है.”

“और छुट्टी के दिन? लूम तो बंद रहता है.”

बापाने आतल्या माणसांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “छुट्टी के दिन बाहर निकल जाता है, मॅडम. इसकी माँ गुजर गयी तो गाँव से ले आया. भाडा तो मेरी ही जगह का है. आदमी लोग बोलते हैं, लडके की जगह नहीं है.”

परत आलो तेव्हा पोरगा जागा झाला होता. मॅडम त्याच्याशेजारी बाकावर बसल्या. चोरीचं एक अक्षर काढलं नाही. “छुट्टी के दिन तुझे कौन सोने देता है?”

तो मॅडमकडे बघून म्हणाला, “नाम बताऊँगा तो अगले हफ्ते कहाँ सोऊँगा?”

मी तोंड फिरवून उगाच टेबल पुसू लागले. नाव त्याने शेवटी सांगितलं. खबर देणारा भंगारवालाच तो. शुक्रवारी दुकानाच्या मागे पोत्यांवर झोपायला द्यायचा, पण सांगितलेलं होतं, खाली हाथ मत आना. कारखानदार भंगाराच्या दुकानांतून विचारपूस करायला लागले, तसं त्याने पोराला पुढे केलं. त्याला पकडून देणारा तोच, हे मॅडमनी पोराला कळू दिलं नाही. आम्हालाही तंबी दिली.

संध्याकाळच्या आत दुकानावर छापा पडला. पंचनाम्यात तांब्याची वायर निघाली. कारखान्याचे मालक वायर ओळखायला आले आणि भंगारवाल्याकडे बघत राहिले. “हा तर आमच्या घरच्या लग्नात जेवायला होता,” एवढंच म्हणाले. जमीनवाले त्या दिवसानंतर ठाण्याकडे फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळाने बापाची राहायची सोय होईपर्यंत मुलाला निरीक्षणगृहात ठेवायला सांगितलं. पोचवायला हवालदार आणि मी गेलो. तिथल्या बाईंनी ओळीतली एक खाट दाखवली. तो उभाच राहिला. मग मला विचारलं, “मौसी, इसका दूसरी पाळीवाला कब आएगा?”

“कोई नहीं आएगा,” मी म्हटलं. “तुझीच आहे ती.”

तो उरलेली एक चप्पल काढून आडवा झाला आणि बघता बघता झोपला. बाहेर आल्यावर हवालदारांनी मला गाडीत पुढे बसायला सांगितलं आणि स्वतः मागे, पोरगा बसला होता तिथे बसले.

मॅडमची पुढे बदली झाली. त्या बाजूचे बरेच कारखाने आता गोदामं झाले आहेत. कामगारांच्या खोल्या मात्र तशाच आहेत. नाक्यावर बसलेली पोरं बघून माणसं अजून म्हणतात, बापाचं लक्ष नाही, संस्कार नाहीत. असेलही. चोरी ही चोरीच आणि त्या पोरानेही ती केलीच होती. पण त्या केसनंतर आमच्या ठाण्यात कुठलंही पोर आणलं की मॅडम नाव-पत्ता नंतर विचारायच्या. पहिला प्रश्न असायचा, “झोपतोस कुठे?” आणि किती मुलांना त्याचं उत्तर पटकन देता यायचं नाही, ते मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे.