चालताना बोलायचं नाही

शाळा सुटली की मी आणि माझ्या शाळेतल्याच एक बाई तलावाला फेरी मारायचो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं. वर्गात पुस्तकी बोलायच्या, फाटकाबाहेर आल्या की बोली तिकडची. फेरीला पाऊण तास लागायचा. मी लग्न केलं नाही आणि आई गेल्यावर घर रिकामंच झालं, त्यामुळे माझं शिकवण्यापलीकडचं जे काही बोलणं होतं ते सगळं त्या पाऊण तासात व्हायचं.

पन्नाशी ओलांडली त्या वर्षी मी चालताना त्यांना धडकायला लागले.

"बाई, रस्ता एवढा मोठा हाय की! माझ्याच अंगावर का येताय?"

दोघी हसायचो. मग फळ्यावरच्या माझ्या ओळी तिरक्या जाऊ लागल्या. पावलं फाकून पडू लागली. एकदा जिन्यात शिपाईमामांनी हात धरला आणि हळूच विचारलं, "चक्कर येतीय का, बाई?" चक्कर येत नव्हती. टाकलेलं पाऊल कुठं पडेल, याचा भरवसा उरला नव्हता.

डॉक्टरांनी आधी माझ्या नाकाला, मग त्यांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं. माझं बोट पोचता पोचता थरथरलं आणि बाजूलाच गेलं. एका पावलाला दुसरं लावून चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला नर्सनं सावरलं. एमआरआय झाल्यावर ते म्हणाले, "लहान मेंदू आक्रसतोय. ताकद आहे तुमच्यात, पण हालचालींचा मेळ घालणारा भाग झिजतोय."

"बरं होईल?"

"व्यायाम सोडू नका," ते म्हणाले. मला काय ते कळलं.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं नियम घालून दिला. "चालताना बोलायचं नाही. आधी पाय आपोआप चालायचे, आता प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकायचं."

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग काय झालं? मी बोलती, तुमी ऐका."

आठवडाभर तसं चाललं. एक दिवस बाई आपल्या लेकीला आलेल्या स्थळाचं सांगत होत्या. मी नुसतं "हं" म्हणाले आणि पडले. गुडघा फुटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा दंड धरला आणि बोलणं सोडलं. "खड्डा हाय." "पायरी हाय." एवढंच. स्थळाचं पुढं काय झालं ते मला कळलंच नाही. पाऊण तासाच्या फेरीला आता सव्वा तास लागायचा, आणि त्यांना घरी जाऊन स्वयंपाक असायचा. त्या हळूच घड्याळ बघायच्या. ते मला दिसायचं.

एकदा मी म्हणाले, "आज नको, पाहुणे येणार आहेत." माझ्याकडे कुणी पाहुणे येत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या "बरं" म्हणाल्या. पुढे मी रोजच काही ना काही सांगत गेले, आणि त्यांनी एकदाही कोण, कुठले, असं विचारलं नाही.

जीभ जड व्हायला लागली तेव्हा मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता सकाळ-संध्याकाळ घरातच बोळात भिंतीला तळवा लावून चालते. बाई एखाद्या रविवारी येतात. समोरासमोर बसतो, पण शेजारी शेजारी चालताना जे सहज निघायचं, ते असं तोंडाकडं बघत निघत नाही. गेल्या खेपेला मीच विचारलं, "फेरी चालू आहे ना?"

"व्हय की. त्या नव्या इंग्रजीच्या बाई येत्यात माझ्यासंगं." मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "लई बोलत्यात."

"बरं झालं," मी म्हणाले. ते मनापासूनच होतं.

त्या गेल्यावर मी चहाचे कप उचलले. एक हात भिंतीला लागतो, म्हणून दोन कपांना दोन खेपा झाल्या.