रोट वेगळे झाले ते वर्ष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुमच्या पोटातलं मला सगळं कळतं, असं ती म्हणते. म्हणू दे बिचारीला. आज तुम्हाला सांगायचं ठरवलं, तर सकाळपासून बूड टेकत नाही. एकदा चहाला उठलो, एकदा उगाच गॅलरीत गेलो, मग टाकीचा कॉक बघून आलो. टाकीचा कॉक! त्यात काय बघायचं असतं?

आमच्या घरात माझी एक गोष्ट सांगतात. नव्या सुनेला सांगतात, आल्यागेल्या पाहुण्याला सांगतात. भाऊला, म्हणजे मला, पुण्याच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली होती, पण बापाची ओढाताण बघून त्यानं ती सोडली. एवढीच गोष्ट. शेवटी सांगणाऱ्याचा आवाज कातर होतो, आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली ना, त्याच्या आदल्या वर्षीचं हे. आम्ही पांडेसऱ्याला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. धुळ्याकडचं गाव सोडून आलेली आमच्या भाऊबंदांची घरं एकाच चाळीत, भिंतीला भिंत लावून. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कॉलेजात पहिला आलो. गुजराती पोरांना मागं टाकून, आणि तेही त्यांच्याच भाषेत! चाळीतल्या आया माझं नाव घेऊन आपापली पोरं बडवायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आमचे एक सर म्हणाले, इथं कशाला सडतोस, दुसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदल, पुण्याला जा. त्यांनीच कागदपत्रं करून दिली. जागा मिळाली. झालं! चाळीत दुसरा विषय नाही. नानांचे थोरले चुलतभाऊ सुकलालकाका म्हणायचे, पुण्याची डिग्री म्हणजे साहेब लोक उठून खुर्ची देतात. खालच्या खोलीतले दुसरे चुलते म्हणायचे, डिग्रीवर गावाचं नाव कोण वाचतं हो, इथं घरची भाकर खाऊन तीच डिग्री मिळते. माय साडीला टिकल्या लावता लावता दोघांनाही हो म्हणायची. एका पारड्यात खर्च, दुसऱ्यात नाव, आणि तराजू धरायला सगळी चाळ! नाना नुसते ऐकत होते. मग एका संध्याकाळी, कोपरापर्यंत निळे झालेले हात घासता घासता म्हणाले, डबल पाळी करतो, होईल.

होईल म्हणाले. हे लक्षात ठेवा.

मी पुण्याला गेलो. कागद पुढे सरकेपर्यंत वर्गात बसत जा, असं तिथले बाबू म्हणाले. गावाकडचा एक ओळखीचा मुलगा होस्टेलला होता, त्याच्या खोलीत उतरलो.

आता तुम्हाला वाटेल, तिथं मला कुणी हसलं असेल, माझ्या बोलण्याची टिंगल केली असेल. नाही हो. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं! सगळे चांगले वागले. एकानं आपली वही दिली, एकानं मेसमध्ये शेजारी बसवून घेतलं. वर्गात सरांनी एक प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. पण मी हात वर करायच्या आत चार-पाच हात वर गेले होते. मग दुसरा प्रश्न, पुन्हा तेच. त्यांच्यातला कुणीही पहिला नंबरवाला नव्हता. साधी पोरं होती ती, आणि त्यांनाही सगळं येत होतं!

मला इंग्रजीची भीती नव्हती, घरची आठवणही येत नव्हती. इथं मी कुणीतरी तिसावा-चाळिसावा असणार, आणि ते चाळीत कळणार... याचीच काय ती धास्ती. चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी पिशवी उचलून स्टेशन गाठलं. जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो, असं बाबू म्हणाले होते. ते मी घरी सांगितलंच नाही.

काय सांगायचं, याचा विचार गाडीत रात्रभर चालला होता. घाबरलो असं सांगता आलं असतं. नाना रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, मग विसरले असते. का नाही सांगितलं? अजून उत्तर सापडत नाही. सापडतं, पण ते घेऊन कुठं तोंड दाखवू?

घरी पोचलो तर नाना पाळीवरून नुकतेच आले होते. त्यांनी विचारलं, ''पैसा कितला लागतीन?'' पैसे किती लागतील? मी आकडा सांगितला. खऱ्याच्या दुप्पट. तयारच ठेवला होता तो! नानांचा चेहरा बघत होतो. आधी ते मनात काहीतरी जुळवत होते, मग त्यांचं जुळवणं थांबलं. लगेच मी म्हणालो, राहू द्या नाना, मला नाही जायचं, इथंच शिकतो. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. नाना उठून बाहेर गेले.

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लगेच श्रावण आला आणि कानबाई आल्या.

आमच्या खानदेशात कानबाईचा मान किती मोठा, ते तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. रविवारी देवी बसवायची आणि रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. हे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात, परक्याला द्यायचे नसतात. ज्यांचा रोट एक ते आपले, मग सुरतेत असोत की गावात. आमचे रोट सुकलालकाकांकडे व्हायचे. त्या वर्षी पंगत बसली आणि काकांनी सगळ्यांसमोर विषय काढला. पोरगं हुशार आहे, एकट्याच्या पगारात होत नसेल तर आपण सगळे मिळून घालू त्याला पुण्याला. ''आम्ही काय परका शेतस?'' म्हणाले. आम्ही काय परके आहोत? सगळ्यांनी माना डोलावल्या, खालच्या खोलीतल्या चुलत्यांनीसुद्धा.

तुम्ही त्या पंगतीत असता तर बघितलं असतं... नानांनी हातातला घास ताटात ठेवला होता. त्यांचे दोन्ही हात जुळत होते. काकांपुढे ते हात जोडणार होते आणि हो म्हणणार होते.

आणि मी बोललो. घाईघाईनं बोललो, अंगावर पाल पडल्यासारखा. म्हणालो, ''नको काका. नाना घरी म्हणालेत, भाऊबंदांचे उपकार घेण्यापेक्षा पोरगं अडाणी राहिलेलं बरं.''

नाना असलं काही म्हणाले नव्हते. जन्मात कधी म्हणाले नव्हते.

काकांनी नानांकडे बघितलं. आता नाना म्हणतील, कार्टं खोटं बोलतंय. मला तेच हवं होतं का? कुणास ठाऊक. पण नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि पुन्हा जेवायला लागले. चारचौघांत पोराला खोटं पाडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं असेल. किंवा त्यांना वाटलं असेल, पोरगं आपली लाज राखतंय. मी कधी विचारलं नाही. विचारणार कोणत्या तोंडानं?

''बरं,'' काका म्हणाले, ''मोठा झालास गड्या.''

पुढच्या श्रावणात काकांनी निरोप पाठवला, तुमचे रोट तुम्ही करा. आमच्या घरात पहिल्यांदाच वेगळी कानबाई बसली. मायनं सगळं साग्रसंगीत केलं, पण गाणी म्हणायला बायकाच आल्या नाहीत. भिंतीपलीकडे काकांकडची गाणी स्वच्छ ऐकू येत होती. मग महिनाभरात प्लेग आला. काकांनी टेम्पो केला, सगळ्या भाऊबंदांना भरलं आणि गावाला निघाले. आमच्या दारावर कुणी थाप मारली नाही. नाना उंबऱ्यात उभे राहून टेम्पो वळेपर्यंत बघत होते. आम्ही दोन दिवसांनी गेलो, रेटारेटी करत, मिळेल त्या गाडीनं.

मी इथंच शिकलो, पहिला येत राहिलो. मिलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, रंगाच्या शेड जुळवायची, थंडगार खोलीत. नानांनी डबल पाळी सुरू केली होती ती सोडली नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी असं व्हायला नको, म्हणायचे. सुकलालकाका वारले तेव्हा नाना मयताला गेले आणि मागं उभे राहिले. सख्ख्यासारखा भाऊ, आणि खांदा द्यायला कुणी बोलावलं नाही! मी शेजारीच उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी पायातल्या चपलांकडे बघत राहिलो.

आता राहिलं ते सांगून टाकतो. नाना थकले होते. श्रावण होता, घरात खाणारे आम्ही चौघंच. रोट संपता संपत नव्हते, आणि ते टाकून देता येत नाहीत. दुपारी नाना आणि मी दोघंच एक रोट मोडून खात बसलो होतो. मोडता मोडता ते थांबले. नखांच्या कडांना रंग अजून होताच, तो काही निघाला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, ''मनामुळे तुनं राही गयं, भाऊ. माले माफ कर.''

माझ्यामुळे तुझं राहून गेलं. मला माफ कर.

इतकी वर्षं ते हे घेऊन बसले होते. आणि मी? नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, ''जाऊ द्या नाना. मी कधी मनात धरलं नाही.''

मी त्यांना माफ केलं. त्यांचे डोळे भरून आले. मोडलेल्या रोटातला मोठा तुकडा त्यांनी माझ्या ताटात टाकला, आणि मी तो खाल्ला.