आचऱ्याला दादाचा ट्युबा नेला तेव्हा

१२ जानेवारीला सकाळच्या एसटीने कोल्हापूर सोडलं, फोंडा घाट उतरून कणकवलीला गाडी बदलली, दुपारी आचऱ्याला पोहोचलो. सोबत दादाचा ट्युबा.

एसटीत एवढं वाद्य नेणार असाल तर मागची सीट धरा. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट काढा, हा तुमच्यापेक्षा जाड आहे."

दादा दिवाळीनंतर गेला. हातापायांतली ताकद जाण्याचा आजार. मला कळला तो शेवटच्या महिन्यात. त्याच्या जागी बँडमध्ये मला बोलावलंय, पण ट्युबाचे व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, फार हलके. बोट टेकलं की खाली, वर यायला मात्र रेंगाळतात. गेल्या वर्षी आचऱ्याच्या बाबलकाकांनी त्यांच्यातल्या स्प्रिंगा बदलून दिल्या होत्या. ते बोटींची इंजिनं आणि बँडची वाद्यं दुरुस्त करतात. चांगल्या स्प्रिंगा काढून त्यांनी हलका माल घातला, असा माझा पक्का संशय.

"जेवूक जा, तवसर करून ठेवतंय," ट्युबा टेबलावर ठेवत काका म्हणाले.

"भूक नाही." बाजूच्या खाणावळीत बांगडा तळल्याचा वास येत होता.

"चोर समाजलंस काय रे माका? बस मगे."

मी बसलो. त्यांनी व्हॉल्व्हमधले पिस्टन काढून फडक्यावर मांडले. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी मनगट पुढे केलं. "तीन बोटांनी दाब. बोटांचो जोर बघून स्प्रिंग घालतंय."

हे नाटक वाटलं. तरी दाबलं.

"तुका कडक होयी. तुझ्या भावान दाबल्यान, तेवा दाबल्यान काय नाय ताच माका कळाक नाय. म्हणान हलकी घातलंय. घराकडे सांगू नको, असा तोच माका म्हणालो."

मी विश्वास ठेवणार नव्हतो. पण गेल्या गणपतीत दादा बँडच्या कोटाची बटणं वहिनीकडून लावून घेत होता. "काजं घट्ट झालीत," म्हणाला होता.

काकांनी कडक स्प्रिंगा घातल्या, माझ्या आखूड बोटांसाठी व्हॉल्व्हच्या दांड्या थोड्या कापल्या. तासाभरात काम झालं. मग जेवलो. सोलकढी चांगली होती. जाल तर दोन वाट्या मागा.

घरी येऊन आठवडा झाला. ट्युबा आता माझ्या हाताला बसतो. काकांवरचा संशय गेला, पण वहिनीला विचारणं जमत नाही. कोटाची बटणं तीच लावायची. म्हणजे तिला ठाऊक होतं आणि मला नाही.

आज दार लावून वाजवला. मग ट्युबा उलटा करून फुंकून नळीत साचलेलं पाणी काढलं आणि फरशी पुसून घेतली.